पेन्सिलीने लिहिलेले दोन दिवस

सूर्य आवाज करतो हे मला पुस्तकातून कळलं नाही, कानांनी कळलं. तापल्या तेलात बांगडा सोडावा तसा तो आवाज असतो. फक्त बांगडा तळून होतो आणि हा थांबत नाही. हेडफोनमध्ये तो कधी भरतीसारखा चढतो, कधी दिवसभर तळाशी पडून राहतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात शारजाच्या किनाऱ्यावर एका खाजगी कंपनीचं वायरलेस केंद्र होतं. मी तिथे सिनियर ऑपरेटर होतो आणि हा आवाज मोजणं हा माझ्या कामाचा एक भाग होता.

माझ्या हाताखाली एकच ऑपरेटर होता. त्याने दोन दिवस जे मोजलं ते खरं होतं. ते खोटं ठरलं, तो खोटारडा ठरला, आणि हे माझ्यामुळे झालं. एवढं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आता माझं वय झालंय, पण डोकं शाबूत आहे आणि पुढे लिहितो त्यातल्या प्रत्येक गोष्टीची मला खात्री आहे.

आम्ही दोघे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एकाच किनारी गावचे. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो मला 'भाई' म्हणायचा, मी त्याला 'मियाँ'. दोघेही जहाजांवर वायरलेस शिकलो. मी आधी आखातात आलो आणि जागा निघाल्यावर त्याला बोलावून घेतलं. 'चांगला माणूस आहे का?' असं मॅनेजरने विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, 'आमच्या गावात रमजान कधी सुरू करायचा ते हा सांगतो.' मॅनेजरला त्यातलं काही कळलं नाही, पण तो हसला आणि नेमणूक झाली.

मी बोललो होतो ते मात्र अक्षरशः खरं होतं. आमची वस्ती शाफई पंथाची. शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याच्या, एकोणतीस तारखेला सूर्य मावळताना, मगरिबच्या वेळी लोक समुद्रावरच्या टेकाडावर चढतात आणि चंद्रकोर शोधतात. रमजानच्या चंद्राला आमच्यात एका सच्च्या माणसाची साक्ष पुरते. पण तो माणूस सच्चा हवा. ज्याच्या शब्दाला बट्टा लागलाय त्याची साक्ष धरत नाहीत. माझा हा सोबती विशीत होता तेव्हापासून सगळा गाव त्याच्याकडे बघायचा. त्याची नजर तीक्ष्ण होती आणि त्याला न दिसलेली गोष्ट दिसली म्हणता येत नसे. एका वर्षी आमचे एक म्हातारे चाचा 'तो बघ, तो बघ' म्हणून बोट दाखवत राहिले. हा म्हणाला, 'चाचा, तो तुमच्या भुवईचा पांढरा केस हाय.' सगळं टेकाड हसलं, आणि दुसऱ्या दिवशी कुणी रोजा धरला नाही.

आमचं केंद्र शारजा गावापासून चार मैलांवर सबख्यात होतं, म्हणजे मिठाची खपली धरलेल्या सपाट मैदानात. आज जो देश आहे तो तेव्हा झालेला नव्हता. एक जनरेटर, दोन खोल्या, तीन उंच खांब, आणि उन्हाळ्यात दाराची कडी हाताला चटका देईल असं ऊन. जहाजांचे आणि तेलाच्या विहिरींचे निरोप घ्यायचे आणि शॉर्टवेव्हवर बहरीन, कराची, मुंबईला पाठवायचे, हे आमचं पोटापाण्याचं काम. जमीन कोरडी, म्हणून अर्थिंगच्या सळीभोवती रोज सकाळी दोन बादल्या खारं पाणी ओतावं लागे. ते विसरलं की जनरेटरची खरखर सगळ्या रिसीव्हरांत शिरायची.

मग एक संशोधक साहेब आले. विलायतेतल्या कुठल्याशा विद्यापीठाचे, उंच, उन्हाने सोललेल्या नाकाचे. त्यांना बारा महिने निरभ्र आकाश हवं होतं आणि आजूबाजूला शहराचा गोंगाट नको होता. त्यांनी एक वेगळा रिसीव्हर बसवला आणि बाहेर लाकडी चौकटीवर एक आडवी, मासळीच्या काट्यासारखी एरियल उभी केली. ती हाताने फिरवायची. तिच्या टोकाला एक खिळा होता आणि खाली पाटीवर पांढरं वर्तुळ. खिळ्याची सावली वर्तुळात पडली की एरियलचं तोंड बरोबर सूर्याकडे. दर पंधरा मिनिटांनी बाहेर जायचं, सावली वर्तुळात आणायची, आत येऊन मीटरचा काटा वाचायचा, आकडा लिहायचा.

साहेबांनी आम्हाला दोघांना चहावर बसवून समजावलं होतं. सूर्यावर डाग असतात ते म्हणजे प्रचंड चुंबक. कधी हे चुंबक शेजारी शेजारी येतात आणि त्यांच्यातलं बळ सुंभासारखं पिळलं जातं. पीळ वाढला की एक दिवस तो सुटतो, स्फोट होतो, आणि आठ मिनिटांत त्याचा मार पृथ्वीवर पोचून शॉर्टवेव्ह मुकी होते. 'मला स्फोट नको आहे,' साहेब म्हणाले. 'तो सगळ्यांना कळतो. मला पीळ हवा आहे. पीळ बसत असताना सूर्य कुरकुरतो का, एक दिवस आधी, दोन दिवस आधी, ते तुम्ही मला सांगायचं.' कंपनीलाही त्यात रस होता. उद्या वायरलेस मरणार हे आज कळलं तर कुणाला नको?

जाताना साहेबांनी एक ताकीद दिली. काटा जे दाखवेल ते लिहा. विचित्र वाटलं तरी लिहा. कारण माहीत असेल तर शेजारी लिहा, माहीत नसेल तर कोरं सोडा.

आता आमच्या धंद्याची एक सवय सांगतो, कारण चूक तिथून आली. वायरलेसवाल्यांचे दोन लॉग असतात. ड्यूटीवर असताना पेन्सिलीने घाईत लिहिलेला कच्चा, आणि नंतर शाईने उतरवलेला पक्का. पक्क्याला आम्ही 'फेअर' म्हणायचो. फेअर नेहमी सिनियरने करायचं आणि मग कच्चे कागद फाडून टाकायचे. फेअर उतरवताना सिनियर जरा साफसफाई करतो. जुनिअरने चुकीचा ऐकलेला शब्द दुरुस्त करतो, गिचमिड गाळतो. जहाजावर याला हुशारी म्हणतात. माझा लॉग बघून कप्तान म्हणायचे की हा छापखान्यातून आलाय का. आणि गोंगाट म्हणजे बिघाड, हे तर आमच्या हाडात मुरलेलं. सूर्याचा गोंगाट हीच बातमी आहे हे मला डोक्याने पटलं होतं, हाताला पटलं नव्हतं.

पहिले काही महिने सूर्य शांतच होता. काटा दहा, बारा, तेरा. मग एका महिन्यात अर्थिंगची सळी सैल झाली आणि मला तीन-चार ठिकाणी 'स्थानिक खरखर' असं लिहावं लागलं. मॅनेजरने मला बोलावून सुनावलं. तोही विलायतेचाच, पण साहेबांसारखा मऊ नव्हता. 'पुन्हा या लॉगमध्ये माझ्या जनरेटरचं नाव दिसलं तर सिनियर दुसरा शोधेन.' मी सळी नवी ठोकली, भोवती मीठ भरलं, आणि मॅनेजरला सांगितलं, आता पुन्हा होणार नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते दोन दिवस आले. मंगळवार आणि बुधवार. सूर्याची ड्यूटी माझ्या सोबत्याची होती, मी आत मोर्सच्या कीवर होतो. मंगळवारी सकाळी तो दारात आला.

'भाई, काटा तिसावर गेलाय.'

'जनरेटर,' मी म्हणालो. 'सळीला पाणी घातलंस?'

'घातलं. दोन नाय, चार बादल्या घातल्या.'

'मग अजून घाल.'

तो गेला आणि परत आला. 'भाई, जनरेटर नाय तो. एरियलचं तोंड सूर्यावरनं बाजूला केलं की काटा खाली पडतो. परत सूर्यावर आणलं की चढतो. जनरेटर काय सूर्यात बसलाय?'

'तुझा सूर्य डिझेलवर चालत असेल.'

'भाई, मस्करी नको. चार वेळा फिरवून बगितलं. तू ये, बग.'

एरियल माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर होती. मी गेलो नाही. बहरीनचा निरोप अर्धा राहिला होता हे खरं, पण तो पाच मिनिटं थांबला असता. मी गेलो नाही कारण मला खात्री होती. बारा वर्षं मी कानाने पोट भरत होतो. जनरेटरची खरखर मला झोपेत ओळखू येते असं मी लोकांना सांगायचो. बुधवारीही तेच झालं. काटा तीस, पस्तीस, मध्येच अठ्ठावीस. त्याने प्रत्येक आकडा पेन्सिलीने लिहिला आणि शेजारी लिहिलं, 'आवाज सूर्याकडचा. तोंड फिरवून पाहिले.'

बुधवारी दुपारनंतर मी फेअर करायला बसलो, कारण टपाल गुरुवारच्या विमानाने जाई. त्याचे कागद समोर ठेवले. हे आकडे असेच उतरवले तर मॅनेजर विचारणार, आणि मी पंधरा दिवसांपूर्वीच त्याला शब्द दिला होता. मी जनरेटरचं नाव लिहिलं नाही. त्या दोन दिवसांच्या घरांत मी शाईने बारा, तेरा, बारा, बारा असं लिहून टाकलं. सुबक अक्षरात. त्या वेळी मी खोटं लिहितोय असं मला वाटलंच नाही. मी घाण पुसतोय असं वाटलं.

कच्चे कागद मात्र मी फाडले नाहीत. त्यांची मागची बाजू कोरी होती आणि मला घरी पत्र लिहायला कागद हवा होता, एवढंच कारण. ते माझ्या ट्रंकेत गेले.

शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाला निघण्याच्या थोडं आधी, मी कराचीशी बोलत होतो आणि कराची एका शब्दाच्या मधोमध गेली. मी बॅटऱ्या पाहिल्या, प्लग काढून घातले, शेवटी रिसीव्हरचं झाकण उघडलं. दुसरा रिसीव्हर लावला. त्यावरही काही नाही. बहरीन नाही, मुंबई नाही, जगात कुणीच नाही. बाहेर लख्ख ऊन होतं आणि हेडफोनमध्ये रिकाम्या विहिरीसारखी शांतता. माझा सोबती स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेल्या माझ्याकडे बघत होता.

'झाकण लाव, भाई,' तो म्हणाला. 'सेट बरा हाय. पीळ सुटला.' आणि मग अगदी आनंदाने, लहान मुलासारखा: 'दोन दिवस आधी! साहेब खूश होईल बग. आपण त्याला दोन दिवस आधी सांगितलं!'

त्या क्षणी मला सगळं कळलं. फेअर कालच्या विमानाने गेलं होतं. एक पत्र पुरेसं होतं: माझी चूक झाली, खरे आकडे हे. साहेबांनी दोन शब्द सुनावले असते आणि वर आभारही मानले असते. मॅनेजर चिडला असता. मी ते पत्र उद्या लिहू असं ठरवलं, आणि ते उद्या दीड महिना चाललं.

मग साहेबांचंच पत्र आलं, मॅनेजरच्या नावाने. आम्हाला दोघांना आत बोलावलं.

'या दोन दिवशी ड्यूटीवर कोण होतं?'

'मी, सर,' माझा सोबती म्हणाला.

'साहेब लिहितात की स्फोटाच्या आधी, त्या मंगळवारी-बुधवारी, बाकी सगळ्या केंद्रांवर आवाज दुपटीहून जास्त चढला होता. इथे बारा, तेरा, बारा. ते विचारतात, तुमचा माणूस काटा बघत होता की मनाने आकडे भरत होता? मीही तेच विचारतो. खोलीत होतास, की खाडीवर गळ टाकून बसला होतास?'

'सर, मी तीस लिहिलं. पस्तीस लिहिलं. पेन्सिलीनं.'

मॅनेजर माझ्याकडे वळला. 'कच्चे कागद?'

'फेअर झाल्यावर आम्ही फाडतो, सर.' हे नियमाप्रमाणे खरं होतं.

'फेअर करताना तू काही बदललंस?'

माझा सोबती माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर काळजी नव्हती, हे मला आजही दिसतं. त्याला वाटत होतं, आता भाई सांगेल आणि प्रकरण मिटेल.

'नाही, सर,' मी म्हणालो. 'कागदावर होतं तेच उतरवलं.'

त्याला काढून टाकलं. कागदावर कारण लिहिलं: न पाहता नोंदी केल्या. दुबईच्या खाडीवरून लाँच त्याला मुंबईच्या बोटीपर्यंत नेणार होती. मी पोचवायला गेलो. गेलो नसतो तर लोकांना विचित्र वाटलं असतं. त्याने ट्रंक लाँचमध्ये ठेवली, वर बघितलं आणि एवढंच म्हणाला, 'फेअर तू करतोस, भाई.'

मी म्हणालो, 'यल्ला, चढ, लाँच सुटेल.'

दुबईच्या देरा भागात आमच्या गावच्या लोकांची एक खोली होती. नवा येणारा तिथेच उतरायचा आणि गावची खबर तिथूनच जायची. तो घरी पोचायच्या आधी त्याची गोष्ट पोचली होती: न बघता बघितलं म्हणून लिहिणारा. खोलीत कुणी मला विचारलं तर मी मान हलवायचो आणि म्हणायचो, जाऊ द्या, जवान आहे. यात मी उदार दिसायचो.

त्या वर्षीचा शाबान आला. पुढचं मी बायकोच्या पत्रातून वाचलं आणि नंतर अनेकांकडून ऐकलं. एकोणतिसाव्या संध्याकाळी पश्चिमेला ढगांची पट्टी होती. तो टेकाडावर एकटा पुढे उभा होता, आणि ढगांच्या फटीत त्याला कोर दिसली. इतर कुणाला दिसली नाही. तो खाली येऊन जमातीपुढे, म्हणजे मशिदीत जमलेल्या गावापुढे, उभा राहिला, साक्ष द्यायला, जसा दरवर्षी राहायचा. मौलवींनी विचारलं, 'आणखी कुणी पाहिला?' तो म्हणाला, 'मी पाहिला.' तेव्हा मागून एक जण बोलला, 'जो दुबईला न बघता लिहीत होता, तो इथं न बघता बोलत नसेल कशावरून?'

कुणी हसलं नाही. जमातीच्या वहीत लिहिलं गेलं: अमुकची साक्ष ग्राह्य धरली नाही. दुसऱ्या दिवशी गाव जेवला. त्याने एकट्याने रोजा धरला, कारण ज्याने स्वतः चंद्र पाहिला त्याला धरावाच लागतो. बायकोने लिहिलं होतं की मुलं त्याच्या दारावरून भजी खात जात होती. दुपारपर्यंत खाडीपलीकडच्या दोन गावांतून निरोप आला. तिथे अनेकांनी चंद्र पाहिला होता आणि रोजे सुरू झाले होते.

म्हणजे सबंध गावाचा एक रोजा बुडाला. म्हातारे, आजारी, नव्या नवऱ्या, सगळ्यांना तो नंतर भरून द्यावा लागला. तुम्हाला वाटेल, यामुळे तरी तो खरा ठरला असेल. तसं झालं नाही. लोक म्हणाले, अंदाज लागला. चूक झालेल्या माणसांना बरोबर असलेला माणूस समोर नको असतो. मला ते चांगलं समजतं. मी त्यांच्यातला पहिला. तो पुन्हा टेकाडावर चढला नाही. गावात राहून त्याने होड्यांची इंजिनं दुरुस्त केली, रेडिओ दुरुस्त केले, नंतर टीव्ही. मी शारजाहून अबुधाबीला गेलो, मोठ्या केंद्राचा मुख्य झालो, मुलं शिकवली. सुट्टीत गावी गेलो की त्याला सलाम करायचो, तो सलामाचं उत्तर द्यायचा. उत्तर देणं वाजिब, धर्माने बंधनकारक आहे म्हणून.

ट्रंक मी टाकून दिली नव्हती. बायको गेल्यावर मुलीने मला दुबईला आपल्याकडे आणलं तेव्हा ती ट्रंकही आली. माझी नात तिथल्याच सिलिकॉन ओएसिस भागात इंजिनियर आहे. तिने एक दिवस ते कागद काढले. मागच्या बाजूला मी पत्राचे दोन मायने लिहून सोडून दिले होते. तिने पुढची बाजू पाहिली.

'वॉव, नाना, सोलर डेटा? इज दिस युअर हँडरायटिंग?'

'नाही.'

'देन हूज?'

मला त्याचं नाव तिला सांगता येईना. पन्नास वर्षांत मी ते नाव घरात उच्चारलं नव्हतं. तिने खांदे उडवले आणि कागद परत ठेवले, पण मी त्या आठवड्यातच कामाला लागलो.

आधी त्या विद्यापीठाला पत्र लिहिलं. साहेब कधीच वारले होते. उत्तर सभ्य आलं: आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, त्या काळच्या याद्या आता बंद आहेत, आणि त्या घटनेच्या नोंदी इतर केंद्रांकडे आहेत. म्हणजे विज्ञानाचं माझ्यामुळे काही अडलं नव्हतं. पीळ बसताना सूर्य कुरकुरतो हे जगाने आमच्याशिवाय शोधलं. अडलं होतं ते एका माणसाचं, आणि तो माणूस विलायतेत नव्हता.

मी गावी गेलो. तो पडवीत कुणाचा तरी मिक्सर उघडून बसला होता, तोंडात दोन स्क्रू. त्याला आता कमी दिसत होतं, पण माझं खोकणं ओळखलं.

'बस, भाई. वायरीवर पाय देऊ नको.'

मी बसलो. आडवळण घेतलं नाही. 'ते आकडे मी बदलले होते.'

त्याने स्क्रू तोंडातून काढले. 'कुठले?'

'तुला माहीत आहे.'

'मला माहीत हाय. तुला माहीत हाय का, ते बगतोय.'

मी सगळं सांगितलं. जनरेटर, मॅनेजर, फेअर, ट्रंक, मॅनेजरपुढे बोललेले ते चार शब्द. तो ऐकत ऐकत मिक्सरचं पातं पुसत राहिला.

'मग मला कशाला सांगतोस?' तो म्हणाला. 'मी तिथंच होतो. काटा मीच बगत होतो. ज्यांना माहीत नाय त्यांना सांग.'

'मला माफ कर, मियाँ.'

'ते मागनं बगू. आधी जमात. शुक्रवारी. आणि कागद आण, नायतर म्हणतील म्हातारा दुबईच्या उन्हानं बिघडलाय.'

शुक्रवारी नमाजनंतर मशिदीशेजारच्या हॉलमध्ये चाळीसएक माणसं बसली होती. त्यातली बहुतेक त्या शाबाननंतर जन्मलेली. मी उभा राहून सांगितलं. सूर्य, चुंबक, एरियल हे मी थोडक्यात आटपलं. कुणीतरी कुजबुजलं, 'चाचा सूर्याशी बोलत होते म्हणे,' आणि दोघे-तिघे हसले. मी जेव्हा टेकाडावरच्या त्या संध्याकाळपर्यंत आलो तेव्हा मागच्या ओळीतले दोन म्हातारे खाली बघायला लागले. ते तेव्हा त्या बैठकीत होते.

जमातीचा अध्यक्ष कुवेतहून निवृत्त झालेला, मिटवामिटवीत वाकबगार. तो म्हणाला, 'चाचा, तुम्ही बोललात, आम्ही ऐकलं. मोठेपणा आहे तुमचा. आता खलास. गळाभेट घ्या.'

'खलास कसं?' माझा सोबती बसल्या जागेवरून म्हणाला. 'साक्ष नाकारली ती वहीत लिहिली होती. हवेत नव्हती लिहिली.'

जुनी वही कपाटात होती. अध्यक्ष म्हणाला, पन्नास वर्षांची वही, पानं सुटलीयत. सोबती म्हणाला, 'मी थांबतो.' आणि खरोखर थांबला, काठीवर दोन्ही हात ठेवून, अर्धा तास. पान सापडलं.

तेव्हा मौलवी माझ्याजवळ आले. तिशीतले, शिकलेले, हळू बोलणारे. ते म्हणाले, 'चाचाजान, हे लिहिलं तर त्याचा दुसरा अर्थही लिहिला जातो. खोटी साक्ष देऊन एक माणूस बदनाम केल्याचं तुम्ही कबूल करताय. तौबा अल्लाहला पोचते, पण जमात उद्या चंद्राला किंवा कुणाच्या निकाहाला तुमची साक्ष धरताना विचार करेल. या वयात...'

'लिहा,' मी म्हणालो. आयुष्यात काही वाक्यं मी ठामपणे बोललो, त्यातली बरीच चुकीची होती. हे बरोबर होतं.

कारकुनाने जुन्या ओळीखाली लिहिलं की ही साक्ष नाकारण्याचं कारण खोटं होतं, साक्षीदार सच्चा होता आणि आहे. मला वाटलं झालं. पण सोबती म्हणाला, 'आकडे पण लिही.'

'कुठले आकडे?' कारकुनाने विचारलं.

'त्या दोन दिवसांचे. मी न बगता लिहिले असं म्हणत होते ना? मग काय लिहिले होते ते दिसू दे.'

अध्यक्षाने कपाळावर हात मारला. जमातीच्या वहीत वर्गण्या असतात, निकाह असतात, कब्रस्तानच्या भिंतीचा खर्च असतो. पण कुणी नाही म्हणालं नाही. मी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि वाचू लागलो. मंगळवार, आठ वाजता, तीस. सव्वाआठ, एकतीस. कारकून लिहीत होता. लोक कंटाळून उठतील असं मला वाटलं होतं. चार-दोन उठले, बाकीचे बसून राहिले. पेन्सिल पुसट झाली होती आणि कागदाच्या घडीवर काही आकडे जवळजवळ गेले होते.

'बुधवार,' मी वाचलं. 'दहा वाजता, सव्वीस.'

'अठ्ठावीस,' सोबती म्हणाला.

'सव्वीस दिसतंय.'

'तुला दिसत असंल. दहा वाजता अठ्ठावीस होते. मी तोंड फिरवून दोनदा बगितलं, म्हणून लक्षात हाय. नीट बग.'

मी कागद खिडकीपाशी नेला. मौलवी माझ्या खांद्यावरून वाकले. घडीच्या रेषेत आकड्याचा अर्धा भाग बुडाला होता. मी बोटाने घडी सपाट केली, कागद उन्हात तिरका धरला आणि वाट पाहिली, जोवर पेन्सिलीचा चकचकीतपणा वर येत नाही तोवर.

'अठ्ठावीस,' मी म्हणालो.

कारकुनाने सव्वीस खोडून वर अठ्ठावीस लिहिलं. 'पुढचा,' माझा सोबती म्हणाला.